चार हजार फोटोंत आई

फोन डोक्याच्या वीतभर वर. हात सरळ, कोपर न वाकवता. हनुवटी खाली, नजर वर. श्वास आत. एक, दोन.

सकाळी सातला बंदरात जहाज लागलं. अकरा मजली, पांढरंशुभ्र.

मिगेलिनाच्या पार्लरमधला दोन नंबरचा ड्रायर गुरुवारपासून बंद.

तीळ उजव्या गालावर. नाही, डाव्या.

सतरा रोलर. वर गुलाबी जाळी.

समुद्रकाठच्या खांबावर लाल झेंडा, म्हणजे आज पाण्यात उतरू नका.

यानिरिसने हातातली केळी जमिनीवर टाकली आणि धावत जाऊन गॅस बंद केला.

कॉफीचं भांडं आतून कोरडंठाक होतं. त्याची प्लास्टिकची मूठ वितळून ओघळली होती. तिने ते उघड्या हाताने उचललं, हात पोळला, भांडं मोरीत फेकलं आणि बोटं तोंडात घालूनच हाक मारली.

“आई!”

रस्त्यावरचं दार सताड उघडं. खुर्चीवर आई नाही, परसात पेरूखाली नाही. आतल्या खोलीत पलंगावर चादर नीट ओढलेली, आणि चादरीच्या मधोमध आईचा फोन.

आई घराची किल्ली विसरायची, चष्मा विसरायची, परवा तर एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून देवळात गेली होती. पण फोन नाही. फोन तिच्या हाताला सहाव्या बोटासारखा होता.

मिगेलिनाचं पार्लर तीन घरं सोडून. शनिवार, त्यामुळे आत पाय ठेवायला जागा नव्हती. जळक्या केसांचा वास, सहा बायका, त्यातल्या तिघी एकाच लग्नाच्या.

“आई कुठाय?”

“घरी,” मिगेलिना ब्लोअर न थांबवता म्हणाली. “फोन आणायला गेली.”

“कधी?”

मिगेलिनाने ब्लोअर बंद केला. “अगं, होईल तास. रोलर लावून झाले होते तिचे. ड्रायरखाली बसवणार, तर एकच चालू आणि त्यावर ही लग्नाची वरात. म्हणाली, तोवर फोन घेऊन येते. मला वाटलं, आली की बसवीन.”

“आणि तू एकटीला सोडलंस?”

“तीन घरं आहेत, यानी! तुझी आई, दोन्या ओतिलिया, काय कुक्कुलं बाळ आहे?”

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ड्रायरखालच्या बाईला काही ऐकू येत नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, “कोण गेलं?”

यानिरिसने आईच्या विसरण्याबद्दल कुणालाच काही सांगितलं नव्हतं. जूनमध्ये आईने कॉफीत मीठ घातलं, तेव्हा तिने डबे बदलून ठेवले. सोमवारी रविवारचा झगा घालून आई देवळाच्या बंद दारावरून परत आली, तेव्हा तिने भिंतीवर मोठ्या अक्षरांचं कॅलेंडर लावलं. ‘वय झालं’ एवढंच ती म्हणायची, आणि तेही मनातल्या मनात.

*

कोपऱ्यावर बदामाच्या झाडाखाली मोटोकोंचोवाले, भाडं घेऊन मोटारसायकलवरून सोडणारे, उभे असतात, अंगात नंबर छापलेली जाकिटं, एक पाय जमिनीवर, मोटारसायकलचं इंजिन कायम जरासं तापलेलं. त्यातला नेनो याच गल्लीत वाढलेला. लहानपणी तो आंबे चोरताना सापडला, तेव्हा दोन्या ओतिलियाने त्याच्या कानाखाली वाजवली होती, आणि मग तेच आंबे पिशवीत घालून दिले होते.

“रडू नको,” नेनो म्हणाला. “फोटो दे. आमच्या ग्रुपवर दीडशे जण आहेत. पुएर्तो प्लातात कुणी शिंकलं तरी आम्हाला कळतं.”

यानिरिसने आईचा फोन उघडला. चार हजार एकशे सोळा फोटो.

तीन वर्षांपूर्वी नाताळात दुल्सेने, यानिरिसच्या थोरल्या बहिणीने, ब्रॉन्क्सहून हा फोन पाठवला. दुल्सेच्या मुलीने व्हिडिओवरून आजीला फिल्टर शिकवला. आजी एका दुपारीत तयार झाली. तेव्हापासून रोज सकाळी सहाला एक फोटो दुल्सेला जायचा, आणि तिकडून यायचं, ‘आशीर्वाद दे, आई. काय दिसतेस! माझी धाकटी बहीण शोभतेस.’ मग दिवसभर आणखी दोनतीन. पेरूपाशी, फाटकापाशी, ओट्यापाशी. यानिरिस हसायची. “आई, त्या पेरूला तरी विचार, त्याला फोटोत यायचंय का.” आई लक्ष द्यायची नाही.

आता ती अंगठ्याने फोटो सरकवू लागली. सोललेल्या अंड्यासारखी कातडी. डोळे मोठे, ओले, मधाच्या रंगाचे. नाक बारीक. रंग दूध घातल्यासारखा. कुठे डोक्यावर फुलांचा मुकुट, कुठे गालाशी फुलपाखरं. शंभर सरकवले, दोनशे, पाचशे. तेच डोळे, तीच हनुवटी. वर्षं मागे गेली, पण चेहरा कुठेच गेला नाही.

“लवकर, यानी.”

“थांब ना.”

तिने स्वतःचा फोन काढला. नाताळचा फोटो, आईचा पंजा कॅमेऱ्यासमोर. शेजारच्या पोराच्या वाढदिवसाचा, केकमागे आईचं फक्त कपाळ. एकात पाठ. आई कुणाला फोटो काढूच द्यायची नाही. ‘दे इकडे, मी काढते,’ म्हणून फोनच ओढून घ्यायची. ओळखपत्र पर्समध्ये, आणि पर्स आईबरोबर.

शेवटी फुलपाखरं नसलेला एक निवडून तिने पाठवला. नेनोने तो बघितला, ऊन लागतंय म्हणून फोनवर हात आडवा धरून पुन्हा बघितला.

“ही कोण?”

“आई.”

“यानी, मस्करी करायची ही वेळ आहे का? ही तर दुल्सेसारखी दिसते. दुल्सेपेक्षा बरी दिसते, खरं सांगायचं तर.”

“नेनो, दुसरा नाहीये.”

त्याने फोटो ग्रुपवर टाकला.

*

‘हिला शोधायला मी आत्ता निघालो.’

‘हरवली की कुणी पळवली?’

‘हिच्या नवऱ्याचा नंबर देऊ नका, माझा द्या.’

‘अरे गाढवांनो, नेनोच्या गल्लीतली आजी आहे ती.’

‘आजी? मग माझी बायको काय पणजी?’

‘वय सांग.’

नेनोने यानिरिसकडे बघितलं.

“एकोणसत्तर,” ती म्हणाली.

‘फोटो चुकला तुझा, नेनो.’

‘बरोबर आहे.’

‘मग वय चुकलं.’

‘बँकेपाशी निळ्या झग्यात अशीच एक चाललीय. थांबवू का?’

त्याने थांबवली. तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तो आवाज ग्रुपवर जसाच्या तसा आला. कुणीतरी हसण्याचे पिवळे चेहरे टाकले. यानिरिस नेनोच्या मागे बसली होती आणि त्याचं जाकीट तिने मुठीत इतकं आवळलं होतं, की त्याला मान वळवता येईना.

बाजार. देऊळ. बसथांबा. मग दफनभूमी, कारण बाबा तिथे होते. फाटकातला माणूस फोटो बघून म्हणाला, “इतकी देखणी बाई आली असती, तर माझ्या लक्षात राहिली असती.” पुढच्या वळणावर समुद्र दिसला. लाटा भिंतीवरून रस्त्यात येत होत्या. खांबावरचा लाल झेंडा बघून यानिरिसने नजर दुसरीकडे वळवली.

फोन वाजला. दुल्से.

“आईचा फोटो फेसबुकवर कसा? खाली लिहिलंय हरवली. कुठल्या मूर्खाने टाकलाय?”

“सापडेल.”

“म्हणजे हरवलीय! अगं, सकाळी सहाला फोटो आलाय मला. मी म्हटलं आशीर्वाद दे, तिने लाल बदाम पाठवला. चांगली ठणठणीत आहे ती. तू काय करत होतीस?”

“केळी आणायला गेले होते.”

“केळी! एक आई सांभाळता येत नाही तुला तिथे राहून?”

यानिरिसने मोटारसायकलच्या आवाजातून ओरडून विचारलं, “आईचा गालावरचा तीळ कुठल्या बाजूला आहे?”

“काय?”

“तीळ! लोक खूण विचारतायत.”

“उजव्या. बघ ना, फोटोत...” दुल्से थांबली. पलीकडे ती फोटो सरकवत असावी. “फोटोत तीळच नाहीये.”

“म्हणून तर विचारतेय.”

“तू रोज बघतेस तिला!”

“रोज तर तूही बघतेस.”

मग कुणी फोन ठेवला ते कळलं नाही. यानिरिसने डोळे मिटले आणि आईचा चेहरा समोर आणायचा प्रयत्न केला. काल रात्री तिने आईचे पाय तेल लावून चोळले होते. पाय आठवले, घोट्यावरची निळी शीर आठवली. चेहऱ्याच्या जागी मधाच्या रंगाचे डोळे येत राहिले.

*

सिग्नलला नेनो थांबला. समोरून एक बाई कांद्याची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती, डोक्यात हिरवे रोलर. शेजारच्या मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागे दुसरी, डोक्यात रोलर, वर जाळी, मांडीवर पोर. दुकानाच्या दारात तिसरी. शनिवारी या गावात डोक्यात रोलर नसलेली बाई म्हणजे एक तर आजारी, नाहीतर टकली. संध्याकाळी कुणाचं तरी बारसं असतं, कुणाचं लग्न, काहीच नसलं तर नाच. कुणी मान वळवून बघत नाही. यानिरिसनेही बघितलं नव्हतं. तिची नजर त्या बायकांवरून घसरून पुढे गेली होती, मोकळ्या सोडलेल्या, सरळ, चमकत्या केसांची बाई शोधत. फोटोतल्यासारख्या केसांची.

सिग्नल हिरवा झाला.

“नेनो, थांब.”

“काय झालं?”

“रोलर.”

“कसले रोलर?”

“आईच्या डोक्यात रोलर आहेत. काढलेच नाहीत मिगेलिनाने. गुलाबी जाळी आहे वर.”

मागून हॉर्न वाजायला लागले. नेनोने पाय टेकून गाडी कडेला घेतली आणि पूर्ण मागे वळला.

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस?”

“शनिवार आहे ना,” यानिरिस म्हणाली.

नेनोची बायकोही सकाळपासून तशीच हिंडत होती. त्याने फोन तोंडाशी धरला.

“ऐका रे. तो फोटो विसरा. म्हातारी बाई आहे. ठेंगणी.” तो अडखळला, यानिरिसकडे न बघता पुढे म्हणाला, “काळी, आपल्यासारखी. चेहऱ्यावर सुरकुत्या, समोरचा एक दात सोन्याचा. नेहमीचा फुलाफुलांचा गाउन. डोक्यात रोलर, गुलाबी जाळी.”

यानिरिस ऐकत होती. तो एक एक शब्द बोलत गेला तशी आई थोडी थोडी समोर येत गेली.

मिनिट गेलं नसेल.

‘अशी म्हण ना! अशी तर मीच सोडली. साडेनऊ-दहाला. किल्ल्यापाशी.’

‘मला हात दाखवून रस्ता ओलांडला तिने. महाराणीसारखा.’

मग तिसऱ्याचा आवाज आला, जरा दबका. ‘नेनो, ती इथे बाकावर बसलीय. मघाशी तिच्याच शेजारी बसून फोटो बघत होतो मी. तिला दाखवला पण. म्हणाली, ही मीच. मी म्हटलं, हो आजी, आणि मी पोप.’

*

किल्ल्याच्या खाली, समुद्राच्या भिंतीला पाठ करून दोन्या ओतिलिया बसली होती. गुडघे जुळवलेले, पर्स मांडीवर, एक रोलर सुटून कानापाशी लोंबत होता. भिंतीपलीकडे पाण्यात जहाज. जहाजावरून उतरलेली माणसं घोळक्याने पुढून जात होती. जाकीट घातलेला पोरगेला ड्रायव्हर टोपी काढून बाजूला उभा.

यानिरिसने वाटेत काय काय बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात रोज तोंडात येतं तेच आलं.

“आशीर्वाद दे, आई.”

“देव तुझं भलं करो, पोरी,” आई म्हणाली, रोजच्यासारखी, वर न बघताच. मग वर बघितलं. “फोन आणलास?”

“कुठे निघून आलीस अशी?”

“जहाज बघायला. मागे जहाज घेऊन फोटो काढायचा होता दुल्सेसाठी. इथे आले आणि बघते तर फोन नाही.” तिने ओठ पुढे काढून ड्रायव्हरकडे खूण केली, इथे बोटाऐवजी करतात तशी. “याच्याकडे माझा फोटो आहे. म्हटलं, अरे मीच ती, घरी फोन लाव. तर दात काढतोय.”

“चुकलं, दोन्या,” पोरगा अदबीने म्हणाला.

“चुकलं म्हणे. डोळे तपासून घे.”

यानिरिस तिच्यासमोर उकिडवी बसली. तीळ डाव्या गालावर होता, कानाजवळ, आणि त्यात एक पांढरा केस होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. आईने तिच्या पोळलेल्या बोटांवर फुंकर घातली, न विचारता.

फोन थरथरला. दुल्सेचे नऊ फोन येऊन गेले होते. खाली लिहिलं होतं, ‘सापडली म्हणतायत. फोटो पाठव. आत्ता.’

“चल, दुल्सेला फोटो पाठवू,” यानिरिस म्हणाली आणि आईच्या शेजारी बसली. आईने ताठ होऊन गाउनची कॉलर सारखी केली. यानिरिसने स्वतःचा फोन समोर धरला. तिच्या फोनमध्ये फिल्टर वगैरे काही नव्हतं. पडद्यावर दोघी आल्या, मागे भिंत, भिंतीवर जहाजाचा पांढरा तुकडा.

आईने पडद्याकडे बघितलं. मग ती हळूच यानिरिसच्या बाजूला सरकली आणि तिच्या कानाशी आवाज खाली आणून म्हणाली,

“त्या बाईंना सांग ना, जरा बाजूला व्हा म्हणावं. जहाज झाकलं जातंय.”

यानिरिसने मागे वळून बघितलं. मागे फक्त भिंत होती, आणि भिंतीपलीकडे पाणी.

“कुठल्या बाई?”

आईने ओठ पुढे काढून दाखवलं. मागे नाही, पडद्याकडे. “त्या म्हाताऱ्या. नीट सांग हं, बिचारी कुणाची तरी वाट बघत असेल.”

नेनो आपल्या बुटांकडे बघू लागला. पोरगेल्या ड्रायव्हरने टोपी डोक्यावर घातली आणि परत काढली. यानिरिसचा हात खाली आला. एक लाट भिंतीवर फुटली, बाकावर शिंतोडे आले, आणि आई लहान मुलीसारखी हसली.

यानिरिसने खिशातून आईचा फोन काढला. कॅमेरा उघडला. फिल्टर आपोआप लागला. कातडी साफ झाली, तीळ गेला, डोळे मोठे झाले.

“हां,” आई म्हणाली. “दे इकडे, मी काढते. शी, केस व्हायचेत अजून माझे.” तिने हात लांब केला, सवयीने मान तिरकी केली. “तू पण ये. जवळ ये, तोंड का असं? हास.”

फोटो गेला. उत्तर लगेच आलं.

‘काय दिसतेय माझी आई! सव्वा तास जीव टांगणीला लावलास माझा, यानी. म्हटलं नव्हतं, ठणठणीत आहे ती?’

यानिरिस उठून चार पावलं बाजूला गेली. फोन तोंडाशी धरून तिने व्हॉइस मेसेजचं बटण दाबलं. तोंड उघडलं. अंगठ्याखाली सेकंद सरकत होते, सात, आठ, अकरा. समुद्र तेवढा ऐकू जात होता. बाकावर आई नेनोला फोटो दाखवत होती, आणि नेनो म्हणत होता, हो दोन्या, तुम्हीच, हुबेहूब.

ऑगस्टमध्ये दोन्या ओतिलियाने न्हाणीघरातल्या आरशावर, आरसा पूर्ण झाकेल असा, टॉवेल टाकला होता, आणि विसरली असेल म्हणत यानिरिसने तो काढून धुवायला टाकला होता. तीन वेळा.